सावलीतली बादली

माझ्या तोंडी लागू नये, हे आमच्या वस्तीवर लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा गेला तेव्हा भेटायला आलेल्या एका पाहुण्याने मला दोनदा विचारलं, "आता तुमचं कसं व्हायचं?" मी म्हटलं, "तुमचं चाललंय तसंच." चहा न घेताच उठला बिचारा. अशी मी फटकळ. पण गेल्या साली ऑक्टोबरात माझा कुत्रा गेला आणि माझी बोलतीच बंद झाली. माणूस गेल्यावर रडायची रीत तरी असते. कुत्र्यामागे रडायला लागलं की लोक आधी तुमच्याकडे बघतात, मग एकमेकांकडे.

तासगावचा मोठा रस्ता सोडून आत वळलं की द्राक्षबागांच्या मधोमध आमची वस्ती. घरं चारच. एक माझं, एक थोरल्या जावेचं, एक बेदाण्याचं शेड असलेल्या भाईंचं आणि एक आबांचं. भाईंचं घराणं मुसलमानाचं, पण तीन पिढ्या बांधाला बांध लावून काढल्यावर ते मला वैनी म्हणतात आणि दिवाळीचा फराळ आधी त्यांच्याकडे जातो. आबा नात्याने माझे कुणीच नव्हेत. फौजेतून निवृत्त होऊन वस्तीवर आलेले म्हातारे, बायको आधीच गेलेली, मुलगा आणि सून बाग बघतात. थोरलं माणूस म्हणून ते सगळ्यांचेच आबा.

गड्या माझ्याकडे आला तो एस्टीच्या थांब्यावरून. मी तासगावचा बाजार करून उतरले तर तांबडं पिल्लू मागं लागलं. एक कान उभा, एक पडलेला. दोनदा हाड्‌ हाड्‌ केलं, पिशवी उगारली, तरी दारापर्यंत आलंच. नवरा जाऊन वर्ष व्हायचं होतं आणि मुलगा फौजेत, तिकडे लांब बर्फात. घरात मी आणि भिंती. मी त्याला नाव ठेवलंच नाही. आबा त्याला बघून म्हणाले, "काय गड्या, कुठला म्हणायचा तू?" आणि तेच त्याचं नाव झालं.

बागेतलं कुत्रं असून त्यानं द्राक्षाला कधी तोंड लावलं नाही. घडांच्या विरळणीला बायका ओळीत बसल्या की हा प्रत्येकीला हुंगून यायचा, जशी काय हजेरीच घेतोय. आणि मग कडुलिंबाखाली आपल्या बादलीजवळ पसरायचा. माझ्याशी मात्र त्याचं वेगळं होतं. मी दिवसभर चिडचिड करायची, मुलाच्या नावानं, सरकारच्या नावानं, ढगांच्या नावानं, आणि तो पायाशी बसून सगळं ऐकून घ्यायचा. नवऱ्यानेसुद्धा इतकं ऐकलं नव्हतं माझं.

ती बादली म्हणजे रंगाची रिकामी पांढरी बादली, तारेच्या कडीची. कडुलिंबाच्या बुंध्याशी तिची जागा ठरलेली. ती भरायचं काम आबांचं, कुणी सांगितलं नव्हतं तरी. बाग कुणाचीही असो, दुपारी भाकरी सोडायच्या आधी आबा बादलीकडे जाऊन यायचे. "मुक्या जनावराला तहान मागता येत न्हाई," म्हणायचे. संध्याकाळी माझ्या ओट्यावर यायचे ते खिशात चतकोर भाकरी घेऊन. ती त्याला हाताने भरवायची, मग माझ्या हातचं तांब्याभर पाणी प्यायचं, मग दोन गोष्टी. आबांचा एक डोळा मोतीबिंदूनं गेल्यातच जमा होता आणि दुसऱ्यावरही सायीसारखं काहीतरी धरलेलं. मिरजेला जाऊन शस्त्रक्रिया करून या म्हणून सगळे मागे लागले होते. "हंगाम झाला की जाऊ," असं म्हणत त्यांनी दोन हंगाम काढले होते.

आमच्यात पैरा चालतो. आज माझ्या बागेत चारी घरं, उद्या जावेच्या, परवा भाईंच्या. ज्याची बाग त्याने कालवण करायचं, भाकरी ज्याची त्याने आणायची. फळछाटणी झाली की लगेच दोन दिवसांत काडीच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटायच्या जागांना, औषध लावावं लागतं, नाहीतर डोळे मागेपुढे फुटतात आणि सगळं वर्ष वाकडं जातं. एकट्यादुकट्याचं ते काम नव्हे. औषध जहाल. हातमोजे घालून, बोळ्याने, एकेक डोळा पुसत जायचं. कुठला डोळा झाला ते कळावं म्हणून त्यात लाल रंग घालतात. त्या आठवड्यात वस्तीवरचे पिणारेसुद्धा माळकरी होतात, कारण हे औषध हाताळून दारू घेतली की माणूस आडवा पडतो. म्हणजे औषध काय आहे, हे न कळण्यासारखं आमच्यात कुणीच नव्हतं.

त्या दिवशी माझी बाग होती. ऊन नुसतं चटके देत होतं. मी चुलीपाशी आमटीला फोडणी देत होते, बाकी सगळे ओळींमध्ये. जेवायला हाक मारली, सगळे हात धुऊन पडवीत बसले. पहिला घास घेतोय तोवर गड्या कडुलिंबाकडून आला. तोंड लालभडक, मिशांवरून लाल थेंब गळतायत.

आणि आम्ही हसलो. काय सांगू, सगळे हसलो. जाऊ म्हणाली, "अगं बया, ह्याची रंगपंचमी लवकर आली की!" भाईंनी मोबाइल काढला फोटो घ्यायला. मीसुद्धा हसले. मग तो खाली बसला, नीट बसताच येईना, आणि त्याच्या तोंडातून फेस आला. तेव्हा भाईंच्या हातातला घास ताटात पडला.

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. भाईंनी पिकअप काढली, मी मागे त्याला मांडीवर घेऊन बसले. तासगावच्या डॉक्टरांनी सुई दिली, नळी घातली, आणि मला म्हणाले, "ताई, फार गेलंय पोटात." परत येताना तो माझ्याकडे बघत होता. काही केलं नाही त्याने, नुसतं बघत होता. वस्तीच्या वळणावर त्याचं अंग जड झालं. मी भाईंना गाडी थांबवा म्हणाले नाही. म्हणून काय होणार होतं!

खड्डा आबांनी खणला. त्यांच्या मुलाने कुदळ मागितली तर त्यालाच ढकललं. मीठ घातलं, माती लोटली. तेवढ्यात माझी नजर कडुलिंबाखाली गेली. त्याची बादली जागच्या जागी होती, बुंध्याशी, सावलीत. आत लाल औषध.

बादल्या कमी पडल्या म्हणून कुणीतरी गड्याचीच बादली औषधाला घेतली होती, एवढं कळलं. ते एक वेळ मी समजून घेतलं असतं, कामाच्या घाईत होतं. पण औषध भरलेली बादली परत त्याच्या पाण्याच्या जागी ठेवली कुणी? तो आपला विश्वासाने आला आणि आपल्या बादलीत तोंड घातलं.

"कुणी ठेवली?" मी विचारलं. "अरे, दातखीळ बसली काय सगळ्यांची? कुणी ठेवली ही हितं?" आबा माझ्या शेजारी उभे होते, तेसुद्धा कडाडले, "सांगा की रं! ज्यानं ठेवली त्येचं हात झडत्याल!" जाऊ पदराने तोंड पुसत होती. आबांची सून मातीकडे बघत होती. मी सांगून टाकलं, ज्याने केलं तो जोवर पुढे येत नाही तोवर माझ्या बागेत कुणी यायचं नाही आणि मी कुणाच्या बागेत पाय ठेवणार नाही. अर्धी बाग औषधाविना राहिली होती. म्हटलं, बुडू दे.

सकाळी दार उघडलं तर जाऊ फडक्याखाली ताट घेऊन उभी. पिठलं आणि भाकरी. घरात मयत झालं की चूल पेटत नाही, तेव्हा भावकीतून आणतात तो कडू घास. मी म्हटलं, "कुत्र्यामागं कडू घास आणतात व्हय?"

"तू जेवली न्हाईस," ती म्हणाली. "मग त्यो कुणाच्या का मागं आसंना." ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि बागेकडे गेली.

मी तिच्यामागे ओरडत निघाले आणि बांधावर थांबले. सगळे आधीच आत होते. राहिलेल्या ओळी औषध लावत चालले होते, न बोलता. एरवी पैऱ्यात इतका कालवा असतो की पाखरं बसत नाहीत. आबासुद्धा होते, एका डोळ्याने काडी चाचपत. आणि मी बघितलं, प्रत्येकाने आपापली बादली मांडवाच्या वरच्या तारेला टांगली होती. जमिनीवर एकही नव्हती. त्यांना हाकलून द्यायचं म्हणून आले होते, पण तशीच मागे फिरले. घरी जाऊन ते पिठलं खाल्लं, रडत रडत खाल्लं. राग काडीचाही कमी झाला नव्हता, पण भूक लागली होती, खोटं कशाला बोलू.

कोरेगावच्या बहिणीचा फोन आला. "कुत्रंच तर होतं गं, दुसरं पिल्लू आणू." मी फोन ठेवून दिला. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, सुट्टी टाकू का?" म्हटलं, "साहेबाला काय सांगशील? घरातलं कोण गेलं म्हणशील?" तिकडे तोही रडतोय हे मला कळलं. बाप गेला तेव्हा हाच पोरगा मला धीर देत होता.

मग दिवाळीच्या आधी एकेक जण यायला लागला. पहिली जाऊ. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "बादली मी ठिवली. काय द्यायच्या त्या शिव्या दे." मी तिला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. दोन-तीन दिवसांनी भाई आले, टोपी हातात धरून. "वैनी, माझ्या हातनं झालं. अल्लाची शपथ घेत न्हाई, पण माझ्याच हातनं झालं." मी चकितच झाले. शपथ का घेत नाही म्हणून विचारलं तर खाली बघून निघून गेले. आणि मग आबांची सून. ती दारातच माझ्या गळ्यात पडली. "काकी, बादली कमी पडली म्हणून मीच भरली. वळीच्या तोंडाला ठिवली हुती. अन् तिथनं मीच..."

एक बादली तिघं कशी ठेवतील? माझं डोकं फिरलं. म्हटलं, ही सगळी मिळून माझी समजूत काढतायत, म्हाताऱ्या बाईचं खूळ म्हणून. जावेच्या दारात जाऊन मी म्हणाले, "थट्टा मांडलीय काय माझी? कुणाला तरी झाकताय तुम्ही." ती भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "आपलंच दात अन् आपलंच ओठ. झालं ते झालं, आता इचारू नगंस. पाया पडते तुझ्या." जन्मात कधी माझ्या पाया पडते म्हणाली नव्हती ती.

त्या भांडणानंतर माझ्याकडे यायचे ते फक्त आबा. संध्याकाळी काठी टेकत यायचे, आणि खिशात चतकोर भाकरी असायचीच. हात खिशात गेला की आठवायचं त्यांना. मग ती भाकरी ओट्याच्या कडेला चिमण्यांसाठी ठेवून द्यायचे. आम्ही दोघं बसायचो. वस्तीवर माझ्याइतकं दुःख कुणाला झालं असेल तर या म्हाताऱ्याला, असं वाटायचं मला, आणि त्याचाच आधार होता. ते त्या माणसाला रोज शिव्या घालायचे. "घावला तर हाड न्हाई ठेवायचा मी." मला बरं वाटायचं, खरंच. माझ्या रागाला जोड होती.

थंडी पडायला लागली होती. वेलींना पानं फुटून बाग पोपटी झाली होती. त्या संध्याकाळी आबा आले, पाणी प्याले, आणि काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "एक कोडं काय सुटंना बघ मला."

"कसलं?"

"त्या दिशी त्येची बादली उन्हात ऱ्हायली हुती. वळीच्या तोंडाला. जेवाय बसायच्या आधी मी बघितली. भरल्याली हुती. म्हटलं, पाणी तापंल, म्हून उचलली अन् लिंबाखाली सावलीला ठिवली. मग गार पाणी म्होरं असताना ह्यो दुसऱ्या बादलीत तोंड घालाय गेला कशापायी?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. दुसरी बादली नव्हतीच. सुनेने औषध भरून ओळीच्या तोंडाशी ठेवलेली बादली, तिची पांढरी बाजू आणि तारेची कडी तेवढी त्यांना दिसली होती. आतला लाल रंग त्या डोळ्यांना दिसला नव्हता, आणि वास म्हणाल तर सगळ्या बागेलाच तो वास होता. सुनेने लांबून सासऱ्याला बादली नेताना बघितलं असणार, आणि त्याचा अर्थ गड्या पडल्यावर तिला लागला असणार. तिने जावेला सांगितलं असणार, भाईंना सांगितलं असणार. आणि मी मात्र गावभर विचारत सुटले होते, कुणी ठेवली, कुणी ठेवली.

आबा अजून बोलत होते, हळूहळू. "का त्यात पाणीच नव्हतं? मी काय हात घालून बघितला न्हाई. नुसती जड लागली..." ते थांबले. काठी त्यांनी दोन्ही हातांनी आवळून धरली. तोंड माझ्याकडे वळवलं. जे दिसत नव्हतं ते बघायचा प्रयत्न करत होते.

"पाणीच होतं आबा," मी म्हणाले.

"तुला काय ठावं?"

"मला ठाऊक आहे. तुम्ही ठेवलं ते पाणीच होतं. भांडी विसळायला पाणी कमी पडलं म्हणून मी बाहेर आले, ती बादली ओतून घेतली. आणि एका बादलीत उरलेलं औषध सांडत होतं ते तिच्यात ओतलं. डोक्यात काही नव्हतं माझ्या. तिथंच ठेवून आत गेले."

त्यांना ते पटायला वेळ लागला. "तू? मग खड्ड्याम्होरं वराडत हुतीस ती कशाला?"

"भ्याले होते. आपलं दुसऱ्यावर जावं म्हणून ओरडत होते."

"औंधाच्या यमाईची आण घे."

आमची कुलदेवी ती. नवरा अंथरुणाला होता तेव्हा मी अनवाणी तिचा डोंगर चढले होते. मी हात जोडले, "यमाईची आण. मीच ठेवली." म्हणाले ते मोठ्याने, त्यांना नीट ऐकू जावं म्हणून.

आबांची काठीवरची मूठ सैल झाली, एवढं मी बघितलं. मग उठले. ओट्याच्या कडेला ठेवलेला चतकोर चाचपून उचलला आणि परत खिशात घातला. शिवी दिली नाही. "तुज्या हातचं पाणी आजपातूर प्यालो," म्हणाले, "आता न्हाई," आणि काठी आपटत बांधाने गेले. मी त्यांना सोबत करायला उठले नाही. एरवी गड्या सोडून यायचा त्यांना घरापर्यंत.

कसं कळलं कुणास ठाऊक, सकाळी आबांची सून आली. माझं अंगण झाडलं, सडा टाकला आणि गेली. तेव्हापासून रोज येते. भाई, जाऊ, सगळी पूर्वीपेक्षा जास्त येतात, जास्त करतात. मुलगा सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला, वस्तीची माणसं किती जीव लावतात तुला. मी हो म्हटलं. संध्याकाळी मात्र ओट्यावर बसवत नाही. दोघं गेले माझे, एक मातीत आणि एक बांधापलीकडे.

हंगाम संपल्यावर आबांनी मिरजेला जाऊन दोन्ही डोळे करून घेतले. आता त्यांना लांबचं लख्ख दिसतं. यंदा ऑक्टोबरात छाटणी झाली, पैरा लागला. आबांच्या बागेचा दिवस आला तशी मी गेले, माझी भाकरी घेऊन, पाणीसुद्धा माझं घेऊन. ऊन तसंच होतं. ओळीच्या तोंडाशी मी पदर खोचायला म्हणून औषधाची बादली क्षणभर खाली ठेवली.

"ए बाई!" लांबून आबांचा आवाज आला, फौजेतला. "बादली खाली ठिवू नगंस. आमच्यात पण मुकी जनावरं हायती. तुझी सवय ठावं हाय सगळ्यांस्नी."

सगळ्यांचे हात थांबले. सुनेने तोंडावर हात घेतला. जाऊ काहीतरी बोलायला पुढे झाली, मी तिच्याकडे नुसतं बघितलं, तशी ती तिथेच थांबली. आबा दोन्ही डोळे लावून माझ्याकडे बघत होते.

"चुकलं आबा," मी म्हणाले, आणि बादली उचलून तारेला टांगली.